एक्झिट लागली, ईमेलचं काय?

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे तबूकला आले आणि इथल्या एका खासगी शाळेत कॉम्प्युटर शिकवू लागले. तबूक म्हणजे सौदीचा वायव्य कोपरा, जॉर्डनच्या सीमेजवळचा. थंडीत इथल्या जबल अल् लौझवर बर्फ पडतो म्हटलं, की आई अजून म्हणते, "वाळवंटात कसलं गं बर्फ?"

तर मुद्द्याकडे येते. मार्च २०२० मध्ये सौदीतल्या शाळा बंद झाल्या. सरकारने पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी 'मदरसती' हा ऑनलाइन मंच सुरू केला. त्यात मुलांना मायक्रोसॉफ्टची खाती मिळाली. आमची शाळा मात्र स्वतःच्या पद्धतीने चालली. ज्या बाईंना जसं सुचलं, तसं त्यांनी आपापल्या खासगी जीमेलवरून वर्ग सुरू केले. शाळा उघडल्यावरही तेच चालू राहिलं. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

२०२३ च्या सुट्टीत आमच्या एक सहकारी फायनल एक्झिटवर केरळला परतल्या. इकामा संपला, त्यावरचं सिम बंद झालं. तिकडे नवा फोन घेतला तर गूगल म्हणतं, जुन्या नंबरवर कोड पाठवलाय. तो कोड घ्यायचा कुठून? नववीच्या पोरींचे वर्षभराचे प्रकल्प आणि गुण त्या खात्यात अडकले. चूक त्यांची एकटीची नव्हती. आम्ही सगळ्यांनीच तसं केलं होतं.

मग शाळेने ठरवलं, विद्यार्थी आणि शिक्षक, सगळ्यांना शाळेच्या नावाचा ईमेल द्यायचा. निवड माझ्याकडे आली. गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन आणि मायक्रोसॉफ्ट ३६५, दोन्हींची मूळ आवृत्ती पात्र शाळांना फुकट मिळते. दोन्हींत सगळ्या शाळेला मिळून १०० टीबी जागा. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी अरबी दोन्हींत चालते. लहान मुलांची मेल शाळेबाहेर जाऊ नये, बाहेरची आत येऊ नये, अशी सोयही दोन्हीकडे आहे. ऑफिसला वर्ड-एक्सेल हवं होतं, बायांना सवयीचं क्लासरूम. शेवटी गूगल घेतलं.

पण खरं सांगू? कंपनी कुठली, हा प्रश्न दुय्यम होता. आमच्यासारख्या शाळेत मुलं आणि शिक्षक दोघंही पाहुणे. आज आहेत, उद्या एक्झिट. म्हणून प्रश्न हा, की खात्याची किल्ली कुणाकडे आणि माणूस गेल्यावर त्याचं काय?

मग नियम केले. ईमेलचं डोमेन शाळेच्या नावावर घ्यायचं, कुणा शिक्षकाच्या नाही. ॲडमिन दोघं हवेत. गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, ते छापून ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवायचे. दाखला नेलेल्या मुलाचं खातं दोन महिने चालू ठेवायचं, म्हणजे त्याला आपल्या फाइल आणि मेल स्वतःच्या खासगी खात्यात नेता येतात. ही सोय गूगलमध्ये आहे, फक्त ॲडमिनने ती चालू ठेवायला हवी. आणि पालकांची लेखी संमती घ्यायचीच. सौदीचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सप्टेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झालाय. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

गेल्या जानेवारीत दहावीतली एक मुलगी वर्ष अर्धवट सोडून जळगावला गेली. वडिलांची नोकरी गेली होती. सामान वीस-वीस किलोंत बसवताना वह्या इथेच राहिल्या. आठवड्याने तिची मेल आली, "टीचर, सगळ्या नोट्स आल्या. अभ्यास सुरू केलाय." डोळ्यांत पाणी आलं हो.

आखातातल्या आपल्या लोकांना एवढंच सांगणं, मुलांच्या शाळेत एकदा विचारा, ईमेलची किल्ली कुणाकडे आहे? आणि एक्झिट लागली, तर सिम बंद पडायच्या आधी जीमेल आणि बँकेला भारतातला नंबर जोडून घ्या. पॅकिंग नंतर करा, आधी हे करा!