साठीच्या आधी हात थांबले तर?

शहागंजच्या घंटाघराभोवती दुकान चालविणाऱ्याला किंवा हिमरू विणणाऱ्या कारागिराला नोकरदारासारखी निवृत्तीची तारीख नसते. नजर मंदावली, गुडघे धरले की काम सुटते. कित्येकदा ते पन्नाशीतच. सरकारी पेन्शन मात्र साठीनंतर. २०१९ साली सुरू झालेल्या लघु व्यापारी मानधन योजनेत १८ ते ४० वयात नाव घालून, वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे. साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. इन्कमटॅक्स भरणारे यात बसत नाहीत.

खरा प्रश्न मधल्या दहा वर्षांचा आहे. आज घरखर्च दरमहा १५,००० रुपये असेल आणि महागाई दरसाल ६ टक्के धरली, तर बारा वर्षांनी तोच खर्च ३०,००० होतो. म्हणजे आज ३८ वर्षांच्या माणसाला पन्नाशीत ३६ लाख हाताशी हवेत, आणि ती रक्कमही पुढे महागाईइतकी वाढत राहिली पाहिजे.

दुकानातला माल ही बचत नव्हे. उधारीची वही तर नव्हेच. ईदच्या हंगामाची कमाई पुन्हा मालात घालण्यापूर्वी ठरावीक हिस्सा बाजूला काढावा. व्याज टाळणाऱ्यांसाठी भाड्याने देता येईल असा गाळा, सोने किंवा टाटा एथिकलसारखा शरियतच्या निकषांवर शेअर निवडणारा म्युच्युअल फंड हे मार्ग आहेत. फंडाचा भाव खाली-वर होतो; म्हणून लगेच लागणारा दोन-तीन वर्षांचा खर्च त्यात अडकवू नये. दुकान मुलाच्या हाती द्यायचे असेल, तर दरमहा आपला वाटा किती, हे आधीच लिहून ठेवावे.