बोटे शिकतात, फायली अडतात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या बरोबर आठवडाभर आधी, ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. २९ जुलै २०१५ला आलेली ही प्रणाली दहा वर्षे घराघरांतल्या, कचेऱ्यांतल्या आणि छापखान्यांतल्या संगणकांवर नांदली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या, आणि घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना त्यावर एका वर्षाची सवलत मिळाली. तेव्हापासून अनेकांपुढे एकच प्रश्न आहे. कुणी ‘विंडोज ११’ टाकून घेईल, कुणी नवे मशीन घेईल, कुणी लिनक्सकडे वळेल, कुणी मॅककडे. पण वाट कोणतीही असो, मनातली धास्ती सारखीच असते : इतक्या वर्षांची सवय मोडायची कशी? ही धास्ती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी खर्च होते, असे मला वाटते. नव्या प्रणालीत हाताला जे अडते ते लवकर सुटते. खरी अडचण आपल्या जुन्या फायलींत असते, आणि तिच्याकडे मात्र कुणी वेळेवर बघत नाही.

आधी हाताचे पाहू. पॉल फिट्स आणि मायकल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये कौशल्य अंगी बाणण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात प्रत्येक कृती विचार करून करावी लागते, दुसऱ्यात चुका कमी होत जातात आणि तिसऱ्यात कृती आपोआप होते, तिचा विचारही मनात येत नाही. सायकल, पोळी लाटणे, टंकलेखन, सगळ्याची गत हीच. रोज संगणक वापरणारा माणूस तिसऱ्या टप्प्यावर असतो. नवी प्रणाली त्याला एका दिवसात पहिल्या टप्प्यावर नेऊन बसवते, म्हणून तो चिडतो. काम त्याला येत असते, अडते ते फक्त बोट. विंडोजवर मजकूर उचलायला करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोल कळीवर जाते. मॅकवर तेच काम स्पेसबारशेजारच्या कमांड कळीवर अंगठ्याने करावे लागते. ‘विंडोज ११’मध्ये स्टार्टचे बटण डावा कोपरा सोडून पट्टीच्या मधोमध येऊन बसले आणि उजव्या क्लिकची यादी आखडली, तिच्यातले नेहमीचे पर्याय आणखी एका क्लिकमागे गेले. लिनक्सवर सी आणि डी ड्राइव्ह नसतात, आणि मोठ्या व लहान रोमन अक्षरांत लिहिलेले एकच नाव म्हणजे दोन वेगळ्या फायली ठरतात. अगदी नवी गोष्ट शिकणे त्या मानाने सोपे असते. जुन्यासारखीच दिसणारी पण किंचित वेगळी गोष्ट जास्त छळते, कारण जुनी सवय मध्ये येते.

पण हा छळ टिकत नाही, आणि तसा पुरावा आहे. फ्रान्सच्या जांदारमेरी या निमलष्करी पोलीस दलाने २००८पासून आपले संगणक विंडोजवरून उबुंटू या लिनक्स प्रणालीवर न्यायला सुरुवात केली. हे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने पुढे जाहीरपणे सांगितले, की वापरणाऱ्यांना जाणवलेले दोन मोठे फरक म्हणजे पडद्यावरची चिन्हे आणि खेळ. ठाण्यात बसून अहवाल लिहिणारे पोलीस काही संगणकाचे छांदिष्ट नव्हते, तरी ते रुळले. केरळच्या सरकारी शाळांत तर मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी प्रणाली दोन लाखांहून अधिक संगणकांवर गेली, शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्याच प्रणालीवर होऊ लागली. मुलांना ती परकी वाटत नाही, कारण त्यांनी पहिल्यांदा पाहिली तीच.

यावर कुणी ‘विंडोज ८’चे उदाहरण देईल, आणि ते दिलेच पाहिजे. ऑक्टोबर २०१२मध्ये आलेल्या त्या प्रणालीतून स्टार्टचे बटण काढून टाकले होते. लोक इतके वैतागले, की वर्षभरात, ऑक्टोबर २०१३च्या ८.१ या आवृत्तीत, ते परत आणावे लागले. तेव्हा सगळेच बदल सवयीने पचतात असे नाही. पण तिथे बिघडले होते ते वेगळे. नेहमीची गोष्ट कुठे गेली याची पडद्यावर काही खूणच ठेवली नव्हती, कोपऱ्यात माउस नेल्यावरच ती सापडे. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी १९८७मध्येच दाखवून दिले होते, की वापरणारे पुस्तिका वाचत बसत नाहीत, समोर दिसेल त्यावरून थेट कामाला लागतात. ज्याला समोर काहीच दिसत नाही तो अडणारच. तो दोष रचनेचा होता आणि लोकांचा राग रास्त होता. जिथे खुणा दिसत राहतात तिथे हात आपली वाट काढतो.

आता फायलींकडे येऊ. हा विषय मराठी माणसाला इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भिडतो. १९९०च्या दशकात आपल्याकडे डीटीपी, म्हणजे संगणकावरची छपाईची जुळणी, आली तेव्हा संगणकाच्या प्रणालीला देवनागरी कळत नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटनी त्यावर तोडगा काढला तो असा : रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रे बसवायची. पडद्यावर ‘क’ दिसे, पण फायलीत साठे एखादे रोमन अक्षर. त्या काळात दुसरा मार्गही नव्हता, आणि मराठी छपाई त्या तोडग्यावरच उभी राहिली, हे कृतज्ञतेने मान्य करायला हवे. ‘विंडोज २०००’पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत मराठीला युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीचा, आधार मिळाला. त्यासोबत आलेला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशी या कोल्हापुरात जन्मलेल्या सुलेखनकार-कवीने घडवला होता. म्हणजे दार पाव शतकापूर्वी उघडले. तरी अनेक छापखान्यांत, संस्थांच्या कार्यालयांत आणि लेखकांच्या घरी काम जुन्याच फाँटवर चालू राहिले, कारण पाने जुळवायचा ‘पेजमेकर’ हा प्रोग्राम त्यावर चालत होता. त्या पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती आली २००१ साली. ज्यांचा तीस वर्षांचा मजकूर या जोडीत अडकला आहे, त्यांनी नव्या मशीनवर फाइल उघडली आणि तो फाँट तिथे नसला, की पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उभी राहते. कादंबरी, संस्थेचे इतिवृत्त, जुन्या दिवाळी अंकाची पाने, काही वाचता येत नाही आणि काही शोधताही येत नाही. अशा माणसाला नवी प्रणाली नको वाटते तेव्हा त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला हवा आहे आपला मजकूर.

युनिकोडात आलेल्या मजकुरालाही प्रणाली बदलताना खरचटते, आणि ते इतके बारीक असते की पुस्तक छापून आल्यावरच कळावे. ‘विंडोज १०’पासून ‘मंगल’ हा फाँट सरसकट बसवलेला नसतो, तो वेगळा जोडावा लागतो किंवा मराठी भाषा निवडल्यावर येतो. तो नसेल तर दुसरा फाँट त्याची जागा घेतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या तुटतात आणि नीट बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर सांडतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८मध्ये. त्याआधी, आणि सवयीने नंतरही, लोक ‘अ’ला वरून चंद्र जोडत आले. छापलेल्या पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. एकाने ‘ॲड.’ लिहून ठेवलेले नाव दुसऱ्याने शोधले तर सापडत नाही. अर्ध्या ‘र’ची कथाही हीच. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन पद्धतींनी साठवता येतो. त्यातल्या एकीत न दिसणारे एक जोडचिन्ह असते आणि रूपांतरात ते गळाले की दऱ्यांचा दर्या होतो. इंग्रजीत अशी भानगड जवळजवळ नाही, म्हणून परदेशी मार्गदर्शिकांत याविषयी एक ओळही सापडणार नाही. हे आपले आपणच पाहायला हवे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. फ्रेंच दलाचे शहाणपण त्याच्या क्रमात आहे. त्यांनी २००५मध्ये आधी कार्यालयीन कामासाठी ओपनऑफिस आणले, पुढच्या वर्षी ब्राउझर आणि ईमेलचा प्रोग्राम बदलला. विंडोज मात्र तशीच ठेवली. कागदपत्रे आणि कामाच्या रीती नव्या साच्यात बसल्यावर मग खालची प्रणाली बदलली, तेव्हा वापरणाऱ्यासमोर त्याचे ओळखीचे प्रोग्राम होतेच. जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट याउलट म्हणून सांगितली जाते. नगरपालिकेने २००३मध्ये लिनक्सवर जायचे ठरवले, २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव केला. ‘बघा, सामान्य कर्मचाऱ्यांना जमत नाही’ असा त्याचा अर्थ लावला जातो. त्या ठरावामागे शहराचे राजकारण होते, संगणक विभागाच्या कारभाराविषयीच्या तक्रारी होत्या. पण कामाच्या पातळीवर पुन्हा पुन्हा येणारी तक्रार पाहिली, तर ती होती बाहेरच्या कार्यालयांकडून येणारी कागदपत्रे नीट न उघडण्याची आणि ठरावीक कामांची सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालण्याची. कागदपत्रांचे हजारो नमुने आणि त्यांतली कामे आपोआप करणारे मॅक्रो नव्याने बांधण्यातच त्यांची वर्षे गेली. कर्मचाऱ्यांची बोटे शिकली होती, कागदपत्रांनी अडवले. म्युनिकचा दाखला माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, त्याला बळ देतो.

‘जुने चालते आहे, तर बदलायचे कशाला?’ हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत सयुक्तिक. जो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, ज्यावर फक्त जुनी जुळणी उघडायची आहे, तो जसाच्या तसा ठेवावा, हे माझेही मत आहे. बाकीच्यांसाठी मात्र २०१७ साल आठवावे. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने दीडशेहून अधिक देशांतले संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तो ज्या भेगेतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच आली होती. पण ती ज्यांनी बसवली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणेच थांबले होते, ते उघडे पडले. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ हा दुसरा घातक प्रोग्राम आला. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक तीच भेग होती, आणि त्याने उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. देखभाल थांबलेल्या प्रणालीत भेग सापडली की ती बुजवायला कुणी येत नाही, आणि हे मशीनसमोर बसून काम करणाऱ्याला दिसत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि त्यात कंपनीची बाजू मला घेता येत नाही. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण २०१७-१८नंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य मशीन केवळ या अटीमुळे बाद ठरतात. सुरक्षेचे कारण खोटे नाही, पण त्याचा भार शाळा, वाचनालये, लहान संस्था आणि मध्यमवर्गीय घरे यांच्यावर पडतो, आणि शेवटी भंगारात जाते ते चालू यंत्र. अशा मशीनवर लिनक्स चालते, मोफत मिळते आणि मराठीसाठी त्यात इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. इथे इनस्क्रिप्टची एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये प्रमाण ठरवलेला हा कळफलक विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळतो आणि त्याची रचना कायम राहते. मे २०१९पासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलकही मिळतो, आणि रोमनमधून लिहायला तो सोपा पडतो, पण असे फोनेटिक कळफलक प्रणालीगणिक थोडे थोडे बदलतात. ज्याला उरलेल्या आयुष्यात मराठी लिहायचे आहे त्याने काही आठवडे इनस्क्रिप्टला द्यावेत. ते कष्ट पुढच्या प्रत्येक बदलात फेडले जातात.

वयाचा आक्षेप मला पटत नाही. बटणांच्या फोनवरून स्पर्शपडद्याच्या फोनवर आलेली, लिनक्सचाच गाभा असलेली अँड्रॉइड प्रणाली रोज हाताळणारी, यूपीआयने पैसे पाठवणारी पिढी आपल्या घरांत आहे, आणि तिच्यात सत्तरीचे आजी-आजोबाही आहेत. त्यांना अडते ते घाईने. नातू माउस हिसकावून ‘हे असं’ म्हणत चार क्लिक करतो आणि निघून जातो, तेव्हा आजोबांच्या बोटांनी काहीच शिकलेले नसते. माउस त्यांच्याच हातात राहू द्यावा, आणि चुकले तर काही बिघडत नाही असे मशीन त्यांना द्यावे, म्हणजे जुने मशीन शेजारी चालू असतानाच नवे सुरू करावे.

तेव्हा ज्यांची प्रणाली अजून बदलायची आहे त्यांना विनंती आहे, की नव्या मशीनची जाहिरात पाहण्याआधी जुन्या मशीनचे फोल्डर उघडा. जुन्या फाँटमधला जो मजकूर जपायचा आहे, तो ज्या संगणकावर आज वाचता येतो तिथेच युनिकोडात रूपांतरित करा. सोबत प्रत्येकाची एक पीडीएफ करून ठेवा, म्हणजे मूळ कसे दिसत होते याची साक्ष राहील. रूपांतरित पानांतले ऱ्य, ॲ, रफार आणि जोडाक्षरे यंत्रावर न सोडता डोळ्यांनी तपासा, शक्य असेल तर मुद्रितशोधन जाणणाऱ्या माणसाकडून. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आणि हे सगळे जुना संगणक अजून सुरू होतो आहे तोवर करा, कारण त्या फायली वाचू शकणारे तुमच्या घरातले ते कदाचित शेवटचे यंत्र आहे.