मोजमाप नको, तुलना पुरे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत अर्डुइनोचं सामान घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याच्या पिशवीत एक छोटा सेन्सर बोर्ड बहुतेक वेळा सापडतोच. पुढे इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोडायोडची जोडी, मध्ये स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा निळा प्रिसेट आणि शेजारी आठ पायांची एलएम ३९३ ही चिप. लाइन फॉलोअर रोबो असो, कुंडीतल्या मातीचा ओलावा असो की टाळीवर लागणारा दिवा, सेन्सर बदलतो पण चिप बहुधा तीच राहते. तिचं काम एवढंच, की समोर आलेल्या दोन व्होल्टेजपैकी मोठं कोणतं ते सांगायचं. अशा चिपला कंपॅरेटर म्हणतात.

गंमत अशी, की हा बोर्ड ज्या अर्डुइनो उनोला जोडायचा, त्याच्या मुख्य चिपमध्येच एक कंपॅरेटर आयता बसवलेला आहे. बोर्डाच्या सहा आणि सात नंबरच्या पिना म्हणजे त्याचीच दोन टोकं, सहा धन आणि सात ऋण. तरीही कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टमध्ये तो क्वचितच दिसतो, कारण अर्डुइनोच्या तयार फंक्शनांमध्ये त्याच्यासाठी काही नाही. व्होल्टेज वाचायला ‘ॲनालॉगरीड’ आहे, पिन चालू-बंद करायला ‘डिजिटलराइट’ आहे. कंपॅरेटर हवा असेल तर मात्र चिपच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या खणांत, स्वतः हात घालावा लागतो, आणि तिथे बरेच जण माघार घेतात.

आता ॲनालॉगरीड हाताशी असताना हा खटाटोप कशाला? जत्रेतल्या मोठ्या पाळण्यापाशी भिंतीवर एक रेघ मारलेली असते. पोराचं डोकं रेघेच्या वर गेलं की आत सोडायचं, नाहीतर नाही. उंची किती सेंटिमीटर, हे कोणी मोजत बसत नाही. ॲनालॉगरीड मात्र दर वेळी मोजत बसतं. उनोवरचा एटीमेगा ३२८पी शून्य ते १०२३ यांतला एक आकडा काढतो आणि अर्डुइनोच्या नेहमीच्या सेटिंगवर त्याला १०४ मायक्रोसेकंद लागतात. कंपॅरेटर हो किंवा नाही एवढंच सांगतो, पण चार व्होल्टच्या पुरवठ्यावर तो हे साधारण अर्ध्या मायक्रोसेकंदात सांगतो. शिवाय मुख्य प्रोग्राम दुसऱ्या कामात गुंतलेला असला तरी त्याचं लक्ष चालूच असतं.

चिपमध्येच कंपॅरेटर असणं नवं नाही. पदविका आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे घोकलेल्या ८०५१ च्या घराण्यात ॲटमेल कंपनीची ८९सी२०५१ ही वीस पायांची चिप होती. व्होल्टेज मोजायची सोय तिच्यात नव्हती, पण कंपॅरेटर होता. पी १.० आणि पी १.१ या पिनांवर दोन व्होल्टेज द्यायची आणि उत्तर पी ३.६ वर वाचायचं. ही पी ३.६ पिन चिपच्या बाहेर शोधून सापडत नाही. ती आतल्या आत कंपॅरेटरला जोडून टाकलेली आहे. एक कंडेन्सर हळूहळू चार्ज करायचा आणि अज्ञात व्होल्टेज गाठायला त्याला किती वेळ लागला ते मोजायचं, या युक्तीने लोकांनी त्याच कंपॅरेटरकडून व्होल्टमीटरचं कामही करून घेतलं.

एटीमेगा ३२८पी मध्ये कंपॅरेटरचा बहुतेक कारभार एका रजिस्टरमधून चालतो. त्याचं नाव एसीएसआर. ही आठ बिटांची ओळ आहे. सर्वांत डावीकडचं एसीडी हे बिट म्हणजे बंद करायचं बटण: एक लिहिलं की कंपॅरेटर बंद, शून्य असेल तर चालू. रीसेटनंतर इथे शून्यच असतं, म्हणजे कोणी वापरो न वापरो, कंपॅरेटर जागाच असतो आणि थोडीशी वीज खात असतो. बॅटरीवरचं यंत्र करणाऱ्याने हे विसरू नये. पुढचं एसीबीजी लावलं की धन बाजू सहा नंबरच्या पिनेवरून सुटते आणि चिपमधल्या १.१ व्होल्टच्या स्थिर संदर्भाला जोडली जाते. तिसरं एसीओ म्हणजे प्रत्यक्ष उत्तर. धन बाजूचं व्होल्टेज ऋण बाजूपेक्षा जास्त असेल तर एक, नाहीतर शून्य. हे बिट फक्त वाचायचं, लिहायचं नाही.

उरलेली बिटं, एक सोडून, इंटरप्टची, म्हणजे चालू काम थांबवून प्रोग्रामला दुसरीकडे वळवणाऱ्या हाकेची. एसीआय हा घटना घडल्याचा झेंडा आणि एसीआयई ही इंटरप्टला दिलेली परवानगी. शेवटची दोन बिटं इंटरप्ट केव्हा यावा ते ठरवतात: ००वर उत्तर बदललं की प्रत्येक वेळी, १०वर ते एकवरून शून्यावर उतरताना, ११वर शून्यावरून एकवर चढताना. ०१ ही जोडी वापरायची नाही. एसीआयचा झेंडा हाताने खाली उतरवायचा तर तिथे शून्य नव्हे, एक लिहावं लागतं. नवशिक्याला हे उफराटं वाटतं, पण एटीमेगा घराण्यातल्या बहुतेक झेंड्यांची तऱ्हा हीच आहे.

एक साधं काम घेऊन पाहू. लिथियम सेलवर चालणाऱ्या यंत्राला सेल ३.३ व्होल्टच्या खाली उतरला की इशारा हवा आहे. सेल आणि सात नंबरच्या पिनेमध्ये २०० किलोओहमचा रेझिस्टर लावायचा आणि त्या पिनेपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा. आता पिनेवर सेलच्या एक तृतीयांश व्होल्टेज येतं, म्हणजे सेल ३.३ वर असताना बरोबर १.१. या दोन रेझिस्टरांतून जेमतेम १२ मायक्रोॲम्पिअर करंट वाहतो. धन बाजूला आतला १.१ व्होल्टचा संदर्भ जोडला, की सेल खाली घसरताना एसीओ शून्याचा एक होतो आणि इंटरप्ट येतो.

रजिस्टरमध्ये काय लिहायचं यापेक्षा कोणत्या क्रमाने लिहायचं याला इथे जास्त महत्त्व आहे. इंटरप्टची परवानगी चालू ठेवून संदर्भ बदलला तर खोटा इंटरप्ट येऊ शकतो. म्हणून आधी नुसतं ०१०००००० लिहायचं. संदर्भ व्होल्टेज स्थिर व्हायला ७० मायक्रोसेकंदांपर्यंत लागू शकतात, तेवढं थांबायचं. मग ०१०१००११ लिहून चढतीचा प्रकार निवडायचा आणि जुना झेंडा पुसायचा, आणि शेवटी ०१००१०११ लिहून परवानगी द्यायची. यंत्र सुरू होतानाच सेल उतरलेला असेल तर ‘चढती’ कधी घडणारच नाही, म्हणून सुरुवातीला एसीओ एकदा वाचून घ्यायचा. डीआयडीआर १ या रजिस्टरने सात नंबरच्या पिनेचा डिजिटल भाग बंद केला की अधल्यामधल्या व्होल्टेजमुळे तिथे वाया जाणारी वीजही वाचते.

कागदावर हे चोख बसतं, पण चिपचं माहितीपत्रक पाहिलं की जमिनीवर यायला होतं. १.१ व्होल्टचा संदर्भ प्रत्यक्षात १.० ते १.२ यांत कुठेही असू शकतो. त्याची तिप्पट केली तर इशारा ३.० व्होल्टलाही येईल आणि ३.६ लाही. कंपॅरेटरची स्वतःची चूक आणखी ४० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकते. म्हणून ज्याला नेमकी मर्यादा हवी, त्याने आपल्या हातातल्या चिपचा संदर्भ एकदा मल्टिमीटरने पाहावा आणि रेझिस्टर त्याप्रमाणे निवडावेत.

हाच कंपॅरेटर कसोटीला उतरला तो ड्रोनच्या मोटरींमध्ये. बिनब्रशच्या मोटरीला तीन वायरी असतात. कोणत्याही क्षणी दोघींतून करंट जातो आणि तिसरी मोकळी असते. फिरत्या चुंबकांमुळे या मोकळ्या वायरीत व्होल्टेज तयार होतं आणि ते मध्यबिंदूच्या व्होल्टेजला ओलांडतं, त्या क्षणावरून रोटर कुठे आहे ते कळतं. वेगळा सेन्सर लागत नाही. एटीमेगा ८ वर चालणाऱ्या अनेक स्पीड कंट्रोलरांत तीन रेझिस्टरांनी तयार केलेला मध्यबिंदू कंपॅरेटरच्या धन बाजूला जोडलेला असे आणि ऋण बाजूला तिन्ही वायरी आळीपाळीने आणल्या जात.

ऋण बाजू अशी बदलता येते ती एसीएमई या बिटामुळे. ते लावलं की ऋण बाजू सात नंबरच्या पिनेवरून निघते आणि ॲनालॉग पिनांपैकी हव्या त्या पिनेला जोडता येते. अट एकच: मोजमाप करणारा एडीसी बंद हवा. अर्डुइनोवर प्रयोग करणारे इथे अडखळतात, कारण अर्डुइनोचा प्रोग्राम सुरू होतानाच एडीसी चालू करून ठेवतो. एसीएमई लावूनही कंपॅरेटर सात नंबरलाच चिकटून बसतो, आणि तास दोन तास वायरी तपासण्यात जातात.

आता वेगाचा हिशोब. ड्रोनच्या मोटरीत बहुधा चौदा चुंबकध्रुव असतात, म्हणजे सात जोड्या. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला ७,००० वेळा वायरी बदलाव्या लागतात आणि दोन बदलांमध्ये १४३ मायक्रोसेकंद मिळतात. १०४ मायक्रोसेकंद घेणाऱ्या ॲनालॉगरीडला त्यात जेमतेम एक वाचन जमेल. वेग दुप्पट झाला तर तेही नाही. कंपॅरेटरला मात्र अजून भरपूर सवड असते. त्या सवडीत प्रोग्राम एसीओ ओळीने अनेकदा वाचतो आणि उत्तर टिकलं तरच त्यावर विश्वास ठेवतो, कारण स्विचिंगच्या गोंगाटात एखादं खोटं उत्तर सहज येतं.

बाजारात स्वस्तात मिळणारा तीन पायांचा कंपोनंट टेस्टर पुष्कळांनी पाहिला असेल. जर्मनीतल्या हौशी मंडळींच्या खुल्या प्रकल्पातून तो पुढे आला. छोट्या कंडेन्सरची किंमत काढताना तो ४७० किलोओहममधून चार्जिंग सुरू करतो आणि कंडेन्सरचं व्होल्टेज आतल्या संदर्भापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला ते पाहतो. पाच व्होल्टवर एक नॅनोफॅरडच्या कंडेन्सरला १.१ व्होल्ट गाठायला सुमारे ११७ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे आठ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे ९३० च्या आसपास ठोके. एसीएसआरमधलं राहिलेलं आठवं बिट, एसीआयसी, इथे उपयोगी पडतं. ते लावलं की कंपॅरेटरचं उत्तर थेट चिपमधल्या टायमर १ ला मिळतं आणि ओलांडण्याच्या क्षणीचा आकडा हार्डवेअरच टिपून ठेवतं. प्रोग्राम पोहोचेपर्यंत चार-दोन ठोके निसटण्याचा प्रश्नच येत नाही.

या कंपॅरेटरची उणीव कळते ती हळू बदलणाऱ्या व्होल्टेजवर. संध्याकाळी अंधार पडताना लागणारा दिवा करायला घेतला, तर प्रकाश मर्यादेच्या आसपास रेंगाळत असेपर्यंत दिवा फडफडत राहतो. यावरचा नेहमीचा इलाज हिस्टेरेसिस: लागायची आणि विझायची मर्यादा वेगवेगळी ठेवायची. सुट्या कंपॅरेटरवर उत्तराच्या पायापासून धन पायाकडे एक मोठा रेझिस्टर टाकला की हे साधतं. ३२८पी मध्ये ही सोय आत नाही, आणि उत्तर कोणत्याही पिनेवर बाहेर येत नसल्याने तो रेझिस्टर लावायला जागाही नाही. मग एखादी रिकामी पिन मोठ्या रेझिस्टरमधून इनपुटला जोडायची आणि इंटरप्ट आला की ती पिन वर किंवा खाली करून मर्यादा सरकवायची. काम भागतं, पण हा जुगाडच. झोपेच्या बाबतीतही मर्यादा आहे. हा कंपॅरेटर चिपला फक्त ‘आयडल’ या हलक्या झोपेतून उठवू शकतो. गाढ झोपेत तो स्वतःच बंद होतो.

अर्डुइनो नॅनो एव्हरीवरच्या एटीमेगा ४८०९ मध्ये या बहुतेक उणिवा भरून काढल्या आहेत. तिथे १०, २५ किंवा ५० मिलिव्होल्टचा हिस्टेरेसिस रजिस्टरमधूनच निवडता येतो आणि उत्तर पिनेवर बाहेरही काढता येतं. मर्यादा ठरवायला डीएसीरेफ नावाचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात १२८ लिहिलं की निवडलेल्या संदर्भाच्या निम्मं व्होल्टेज तुलनेला उभं राहतं. निळा प्रिसेट फिरवत बसायला नको. फक्त एसीएसआर हे नाव त्या चिपमध्ये नाही, त्यामुळे उनोसाठी लिहिलेला प्रोग्राम तिच्यावर कंपाइलच होत नाही.