मायक्रोबायोलॉजी म्हणजे फक्त पॅथॉलॉजी लॅब नव्हे!

परवा सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, "लेक मायक्रोबायोलॉजी घ्यायचं म्हणतेय. पण पुढे रक्त-लघवीच तपासत बसायचं ना?"

नाही हो काकू! मी सांडपाणी प्रकल्पाच्या लॅबमध्ये काम करते.

एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात, खरं काम जिवाणूच करतात. हवा सोडलेल्या टाकीत ते घाण खातात, वाढतात. पुढच्या टाकीत त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि वरचं पाणी निवळतं. तंतूसारखे जिवाणू माजले, की गाळ नीट बसतच नाही. म्हणून टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली बघायचा. देठावर डुलणारे, घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला हे सूक्ष्मजीव दिसले की मी खूश, टाकी ठीक चाललीय! बीओडी चाचणी (घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात ते मोजणं) मात्र कंटाळवाणी: नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवा आणि वाट बघा.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आठवतंय? त्यामागे खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळलं. हाही याच विषयाचा भाग.

शिक्षण? बारावी सायन्स, बीएस्सी मायक्रो, मग एमएस्सी. केमिस्ट्रीकडे दुर्लक्ष नको, रोज लागते.

नोकऱ्या एसटीपी, ईटीपी (कारखान्यांच्या सांडपाण्याचे प्रकल्प), पाणी तपासणी लॅब, बायोगॅस, पर्यावरण सल्लागार कंपन्यांत. संशोधनाची आवड असेल तर नेट परीक्षा द्या, पीएचडी करा; नागपूरची नीरी ही संशोधन संस्था याच क्षेत्रातली.

सुरुवातीचा पगार बेताचा, हे आधीच सांगते. वासाची सवय होते (घरच्यांना होत नाही).

कुणाची मुलं या वळणावर असतील तर कमेंटमध्ये विचारा. संध्याकाळी उत्तरं देते.