२४० दिवसांचा हिशेब

चाकणच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी हजेरी आणि पीएफचं बघतो. भरतीला आलेली पोरं पहिला प्रश्न विचारतात, "दादा, किती महिन्यांचं काम?" उत्तर ठरलेलं, सात. आठवा महिना का नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस भरणाऱ्याची वर्षाची सलग नोकरी धरली. मग त्याला काढायचं तर नोटीस आणि भरपाई आली. आपल्या राज्यातले आदर्श स्थायी आदेश आणखी पुढे गेले: बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे असे २४० दिवस भरले, की तो परमनंट. पगारी सुट्ट्याही दिवसांत मोजायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं. आता बोटांवर मोजून बघा. आठ महिने जवळपास तिथे पोचतात. सात महिन्यांत सगळे रविवार धरले तरी २१५च्या वर जात नाहीत. म्हणून सातव्या महिन्याअखेर 'ब्रेक'.

ब्रेकनंतर तोच पोरगा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत येतो. यूएएन एकच, त्याखाली पीएफचे चार मेंबर आयडी. कागदावर चार नोकऱ्या. लाइन तीच, सुपरवायझर तोच, आणि नव्यांना काम शिकवणाराही हाच! काम बारमाही, हंगामी फक्त माणूस.

बारमाही कामात कंत्राटी कामगार लावायला सरकार बंदी घालू शकेल, अशी सोय १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. पण बंदी घातली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही, असं २००१मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात ठरलं. कंत्राट नुसतं दिखाव्याचं आहे, हे त्यानं सिद्ध करायचं. बारा तास उभं राहून खोलीवर परतणारा पोरगा ते कधी करणार?

नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या नोकरीत आता पाचऐवजी एका वर्षात ग्रॅच्युइटी. चांगलं आहे. फक्त सात महिन्यांवाल्याचं वर्ष कधी भरायचं, ते कुणी सांगा.

मी पोरांना एक सांगतो, आणि आमच्या मालकांना ते फारसं रुचत नाही. गेटपास जमा करण्याआधी त्याचा फोटो काढा, पगाराच्या स्लिपा जपा, पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. उद्या कोर्टात गेलात तर २४० दिवस भरल्याचा पुरावा आधी तुमच्याकडेच मागतील, आणि हजेरीचं मस्टर तर आमच्या कपाटात असतं.