काडातले मीठ

जून १९९३ मध्ये डेन्मार्कच्या संसदेतल्या पक्षांनी एक करार केला. २००० सालापर्यंत देशातल्या वीजकेंद्रांनी वर्षाला १४ लाख टन जैवइंधन जाळायचे आणि त्यातले १२ लाख टन गव्हाचे, जवाचे काड असायचे. मुदत पुढे वाढवावी लागली. याचे एक मोठे कारण बॉयलरमधली वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरच्या नळ्यांवर साचणारे मीठ हे होते.

काडात पोटॅशियम आणि क्लोरीन भरपूर असते. आपला शेतकरी शेताला जे म्युरेट ऑफ पोटॅश घालतो, तेच पोटॅशियम क्लोराइड भट्टीतल्या ज्वाळेत वाफ होऊन उडते आणि त्यामानाने थंड असलेल्या नळ्यांवर येऊन बसते. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांत १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते आणि पृष्ठभागावर जमणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर त्यांचे रक्षण करतो.

मीठ नेमके त्या थरावर घाला घालते. हे ७७० अंश सेल्सियसला वितळणारे मीठ, तरी ५००-६०० अंशांनाच नळी खाल्ली जाते, हे कोडे बराच काळ छळत होते. नव्वदीच्या दशकात जर्मनीत ग्राबके आणि सहकाऱ्यांनी क्लोरीनचे चक्र मांडले: क्लोरीन थरातून आत शिरतो, लोखंडाशी संयोग पावून वाफेच्या रूपात बाहेर येतो, तिथे लोखंडाचे ऑक्साइड होते आणि मोकळा झालेला क्लोरीन पुन्हा आत जातो. २००५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पोटॅशियमचा वाटा दाखवून दिला. ३०४ जातीच्या स्टीलवर ६०० अंशांना, पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात, मीठ थरातले क्रोमियम ओढून घेऊन त्याचे पोटॅशियम क्रोमेट करते. उरलेला थर लोहप्रधान होतो आणि तो राखण करू शकत नाही. मला हा शोध या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रोमियम वाढवले की प्रश्न सुटेल, ही समजूत इथे टिकत नाही. नळीचे रक्षण करणारे द्रव्यच मिठाला हवे असते.

डॅनिश अभियंत्यांनी मात्र पूर्ण उत्तर सापडेपर्यंत वाट पाहिली नाही. हास्लेव, स्लागेल्से इथल्या सुरुवातीच्या केंद्रांनी वाफ ४५० अंशांच्या आसपासच ठेवली. कार्यक्षमता कमी झाली, पण नळ्या टिकल्या. १९९६ च्या मास्नेडो केंद्राने ५२० अंशांपर्यंत मजल मारली. ओबेनरोजवळच्या एन्स्टेड केंद्राची युक्ती मला विशेष आवडते. तिथे काडावरचा बॉयलर वाफ ४७० अंशांपर्यंतच तापवायचा आणि त्यापुढे ५४२ अंश लाकडाच्या चिपांवर चालणाऱ्या वेगळ्या सुपरहीटरमध्ये गाठले जायचे, कारण लाकडात क्लोरीन अगदी कमी. ऑर्हुसजवळच्या स्टुडस्ट्रुपमध्ये १९९६ ते १९९८ दरम्यान कोळशात २० टक्क्यांपर्यंत काड मिसळून पाहिले. कोळशाच्या राखेतले ॲल्युमिनो-सिलिकेट पोटॅशियमला धरून ठेवतात, कोळशातला गंधक उरलेल्या क्लोराइडचे सल्फेट करतो आणि सल्फेट नळीला इतके खात नाही.

सगळ्यांत साधा उपाय शेतातच होता. पावसाने धुतले जाऊन राखाडी झालेल्या काडात क्लोरीन ०.२ टक्क्यांच्या आसपास राहतो, कोरड्या पिवळ्या काडात तो ०.७५ टक्क्यांच्या आसपास असतो. पोटॅशियम तर १ टक्क्याच्या वरून पाव टक्क्याखाली उतरते. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात ब्रायन जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी भाताचे काड धुऊन हीच गोष्ट पडताळली.

आपल्या साखर कारखान्यांत हे धुणे आपोआप घडते. गाळपात शेवटच्या गिरण्यांवर चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, पाणी सोडतात. उरलेली साखर काढणे हा त्याचा हेतू, पण त्या पाण्याबरोबर पोटॅशियम आणि क्लोरीनही निघून जातात. बगॅसवरचे सहवीजनिर्मितीचे बॉयलर ५१५ ते ५४० अंशांची वाफ देऊ शकतात, त्यामागे या धुण्याचाही वाटा आहे. पाचटाचे तसे नाही. आपला हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, फडातले पाचट न भिजताच वाळते आणि त्यातले पोटॅश त्यातच राहते. बगॅसला जोड म्हणून पाचट जाळायचे ठरवणाऱ्या कारखान्याने आधी त्यातला क्लोरीन मोजून घ्यावा आणि वाफेचे तापमान त्यानुसार ठरवावे. मी तर पाचट फडातच कुजवण्याच्या बाजूचा आहे, ते पोटॅश खोडव्याला मिळते.