छातीवर बसणारा मुंजा आणि झोपेचे शास्त्र

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. पहाटे साडेपाचच्या सुमारास माझ्या भाच्याचा फोन आला. हा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शहरात तीन मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. एवढ्या पहाटे फोन वाजला म्हणजे घरातील सर्वांच्या पोटात गोळा येतो. तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मामा, माझ्यावर कोणी काही केलं का हो?"

शांतपणे विचारले तेव्हा हकीकत कळली. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याला तोच अनुभव आला होता. झोपेतून जाग आली, डोळे उघडले, वरचा पंखा दिसत होता, शेजारी झोपलेला मित्र दिसत होता; परंतु हात हलेना, पाय हलेना, हाक मारावी तर तोंडातून शब्द फुटेना. छातीवर कोणी तरी बसून दाबत आहे आणि दाराशी एक काळी आकृती उभी आहे, असे त्याला वाटत होते. मिनिटभरात सारे नाहीसे झाले आणि तो घामाघूम होऊन उठून बसला.

दुपारी ताईचा फोन आला. शेजारणीने तिला एका महाराजाचा पत्ता दिला होता. देव-देवस्की सोडून आपल्याला दोन-तीन पिढ्या झाल्या, तरी पोटच्या पोराचा प्रश्न आला की माणूस डळमळतो, हे ताईच्या आवाजावरून माझ्या लक्षात आले. मी तिला एवढेच म्हणालो, "ताई, आत्याचं काय झालं ते आठव, आणि मला दोन दिवस दे."

मी डॉक्टर नाही. बँकेत लिपिक आहे आणि शिक्षण कला शाखेचे आहे. पण हा अनुभव मला स्वतःला आलेला आहे आणि त्यापायी आमच्या घरातील एका बाईचे आयुष्य वाया गेलेले मी पाहिले आहे. त्यामुळे या विषयावर जे मिळेल ते मी वर्षानुवर्षे वाचत आलो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा यावरच लिहावे असे ठरविले. आपल्या वसाहतीतील अनेक मुले-मुली रात्र रात्र जागून अभ्यास करतात, त्यांना याचा उपयोग होईल.

या अवस्थेला इंग्रजीत 'स्लीप पॅरालिसिस' म्हणतात. मराठीत निद्रा-पक्षाघात म्हणता येईल, परंतु पक्षाघात या शब्दाने उगाच धसका बसतो. हा लकवा नव्हे. आपल्याकडे खेड्यात याला 'मुंजा बसला' किंवा 'भुतानं दाबलं' म्हणतात. तो नेमका काय प्रकार आहे हे समजण्यासाठी आधी झोप समजून घ्यावी लागते.

झोप म्हणजे दिवा मालवावा तसे मेंदूचे बंद होणे, असा आपला समज असतो. वस्तुतः रात्रभर झोपेच्या निरनिराळ्या अवस्था आळीपाळीने येत असतात आणि साधारण ९० मिनिटांत त्यांचा एक फेरा पूर्ण होतो. १९५३ साली अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन या संशोधकांनी दाखवून दिले की, झोपेच्या एका अवस्थेत मिटल्या पापण्यांआड डोळ्यांची बुबुळे भराभर हलतात. या अवस्थेला 'रेम' झोप असे नाव पडले. आपली ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतांशी याच झोपेत पडतात. प्रौढ माणसाच्या एकूण झोपेचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा या झोपेचा असतो आणि पहाटेकडे तिचा वाटा वाढत जातो.

आता प्रश्न असा की, स्वप्नात आपण पळतो, भांडतो, विहिरीत उडी मारतो; मग अंथरुणात हातपाय का झाडत नाही? याचे उत्तर फ्रान्समधील लिऑन येथील संशोधक मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून शोधले. रेम झोपेत मांजराचे स्नायू पूर्णपणे सैल पडतात, हे त्यांनी १९५९ च्या सुमारास दाखविले. मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या देठासारख्या भागातील ठरावीक जागेला इजा केली, तर तेच मांजर गाढ झोपेत उठून भक्ष्यावर झडप घातल्यासारखे करू लागे. म्हणजे स्वप्न पाहताना मेंदूच शरीराला कुलूप लावून ठेवतो. मेंदूच्या या देठाकडून मज्जारज्जूकडे संदेश जातात आणि ग्लायसीन व गाबा नावाची रसायने स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना गप्प करतात. ही निसर्गाने केलेली आपल्या संरक्षणाची सोय आहे. डोळे हलविणारे स्नायू आणि श्वासपटल यांना मात्र हे कुलूप नसते.

एखाद्या वेळी या व्यवस्थेत थोडी गल्लत होते. मन जागे होते, डोळे उघडतात, पण कुलूप निघायला काही क्षण उशीर होतो. झोप लागताना किंवा जाग येताना ही गल्लत घडते. माणूस खरोखर जागा असतो, म्हणूनच तो 'मला स्वप्न पडले' असे म्हणत नाही, 'मी पाहिले' असे म्हणतो. आणि त्याच वेळी स्वप्न तयार करणारी यंत्रणा अर्धवट चालूच असते. त्यामुळे खोली खरी, पंखा खरा, पण दारातली आकृती स्वप्नातली, अशी सरमिसळ होते. शरीर जखडले आहे हे कळताच मेंदूतील धोक्याची सूचना देणारा भाग खडबडून जागा होतो आणि समोर धोका काय आहे ते शोधू लागतो, असे शास्त्रज्ञ मानतात. अंधारातील खुंटीवरचा सदरा मग माणूस होतो.

छातीवरील दाबाचेही कारण आहे. श्वासपटल आपले काम करीत असते, म्हणून श्वास बंद पडत नाही. परंतु बरगड्यांमधील स्नायू सैल पडलेले असतात. अशा वेळी घाबरून मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेले की तो घेता येत नाही आणि कोणी तरी गळा आवळतो आहे असे वाटते. काहींना पावलांचे आवाज येतात, तर काहींना आपण तरंगतो आहोत असा भास होतो.

हा अनुभव जगभरचा आहे. जपानमध्ये त्याला 'कानाशिबारी' म्हणतात. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर म्हातारी चेटकीण बसते असे सांगत. इजिप्तमध्ये तो जिन असतो. हेन्री फ्यूसेली या चित्रकाराने १७८१ साली 'द नाइटमेअर' हे चित्र काढले. त्यात उताण्या झोपलेल्या स्त्रीच्या छातीवर एक विद्रूप प्राणी बसलेला आहे. गंमत अशी की, आमच्या गावचा मुंजा कधी जपानात जात नाही आणि जपानी भूत आमच्या गावी येत नाही. ज्याने लहानपणी ज्याची गोष्ट ऐकली, त्याला तोच दिसतो.

आणि हा प्रकार दुर्मीळही नाही. २०११ साली अमेरिकेत ब्रायन शार्पलेस व जॅक बार्बर यांनी पूर्वीच्या ३५ पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. त्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना, पण विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला असतो. अपुरी झोप, झोपेच्या वेळा रोज बदलणे आणि मनावरील ताण यांमुळे तो ओढवतो. पाठीवर उताणे झोपले असताना तो अधिक येतो. रात्रपाळी करणारांनाही याचा त्रास होतो.

मला स्वतःला हा अनुभव पहिल्यांदा २००१ साली आला, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला वसतिगृहात असताना. त्या रात्री मी काय पाहिले ते सांगत नाही, अजूनही अंगावर काटा येतो. पण उठून बसल्यावर पहिली आठवण आली ती धाकट्या आत्याची.

आत्याला लग्नानंतर हाच त्रास सुरू झाला होता. दिवसभर शेतात राबणे, रात्री उशिरा पाठ टेकणे आणि पहाटे चारला उठणे. सासरच्यांनी 'बाहेरची बाधा' ठरवली आणि तिला देवऋषीकडे नेले. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून झोडपले. पुढे कितीतरी दिवस ती खोकत होती. शेवटी 'झपाटलेली आहे' म्हणून माहेरी आणून सोडली ती कायमचीच. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तिने शिलाई मशीनवर आमच्या सगळ्यांचे कपडे शिवले, पण बारशाला-लग्नाला तिला कोणी पुढे बोलावीत नसे. "उताणी झोपले की येतो बघ तो," असे ती मला सांगायची. कारण तिला सापडलेले होते, फक्त त्याचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते. २०११ साली ती वारली. मला सगळे नीट समजले, तोवर सांगायला ती उरली नव्हती.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा आता सहा महिने ते सात वर्षे कैदेस पात्र गुन्हा आहे. आत्याच्या वेळी हा कायदा नव्हता.

भाच्याला मी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. तो अनुभव आला तर झटापट करू नये. हे कुलूप आहे, ते आपोआप उघडणार आहे, असे मनात म्हणावे. श्वास जसा चालतो तसा चालू द्यावा. मला स्वतःला पायाचे एक बोट हलविण्याकडे लक्ष दिल्याने फायदा झाला. शेजारी कोणी असेल तर त्याने हलविल्याने ही अवस्था बहुधा मोडते, म्हणून खोलीतील मित्रांना आधीच सांगून ठेवावे. कुशीवर झोपावे. झोपेची आणि उठण्याची वेळ ठरवावी. रात्री उशिरा चहा घेऊ नये.

डॉक्टरकडे कधी जावे हेही माहीत असले पाहिजे. वारंवार असे होऊन झोपेचीच भीती बसली असेल, दिवसा बसल्या जागी झोप आवरत नसेल, हसताना किंवा रागावताना गुडघ्यांतील बळ एकाएकी जात असेल, किंवा झोपेत मोठ्याने घोरून मध्येच श्वास अडकत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे. यामागे झोपेचे निराळे आजार असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. पूर्ण जाग आल्यावरही एका बाजूचा हात-पाय हलत नसेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर तो हा प्रकार नव्हे. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ताई महाराजाकडे गेली नाही. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, आत्याचे नाव निघाले म्हणून. भाच्याने रात्री दोनपर्यंत जागणे सोडले आणि साडेदहाला झोपू लागला. डिसेंबरात त्याला तो अनुभव पुन्हा एकदा आला. या वेळी त्याचा फोन सकाळी नाश्ता झाल्यावर आला. "मामा, काल आला होता. मी पडून राहिलो, गेला," असे म्हणाला आणि मग परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख कोणती ते विचारू लागला.